पुढच्या चाकांची थरथर घेऊन कोल्हापूरला

कोल्हापूरहून परत आलेल्या माणसाने देवीबद्दल, रंकाळ्याबद्दल आणि तांबड्या रश्श्याबद्दल सांगावं अशी लोकांची अपेक्षा असते. माझ्या दुकानात आल्या आल्या शेजारच्या घड्याळवाल्याने तेच विचारलं. त्याला मी काहीतरी सांगून वाटेला लावलं. कागदावर मात्र खरं लिहितो. आठ दिवस मी कोल्हापुरात फक्त जळत होतो.

मी सोलापूरचा. चष्म्याचं दुकान आहे. स्वभावाने मी जळकुकडा, हे बायको सांगते आणि मी नाकारत नाही. शेजाऱ्याच्या दारात जास्वंद फुललेली मला बघवत नाही. पण माझा सगळ्यात जुना आणि पक्का हेवा म्हणजे माझे साडू, विलासराव. कोल्हापूरचे. शिरोली एमआयडीसीत त्यांचा लेथ मशीनचा छोटा कारखाना आहे. माणूस दिसायला बरा, बोलायला मोकळा, आणि त्यात भर म्हणजे माझ्यासारखीच त्यांच्याकडेही एक जुनी मोटार आहे. माझी आहे त्याच काळातली, आजोबांच्या तरुणपणातली. फरक एवढाच, की त्यांची सरळ चालते.

माझी थरथरते. काटा तीसच्या पुढे सरकला की पुढची दोन्ही चाकं डोलायला लागतात. ज्यांनी आजच्याच गाड्या चालवल्या आहेत त्यांना हे समजावून सांगायला हवं. या जुन्या मोटारींची पुढची चाकं एकाच जाड लोखंडी दांड्याच्या दोन टोकांना असतात. एक चाक कशाला तरी बिचकलं की ते दुसऱ्याला ढोसतं, दुसरं उलट पहिल्याला ढोसतं, आणि नवराबायकोच्या भांडणासारखं कोण कधी सुरू झालं हे कळेनासं होतं. मग स्टेअरिंग हातात राहत नाही, हातच स्टेअरिंगमध्ये राहतात. समजूत घालून उपयोग नसतो. गाडी जवळजवळ उभी करायची आणि पहिल्यापासून सुरुवात करायची.

हे सगळं मी चार वर्षं सहन केलं होतं, पुढेही केलं असतं. पण मुक्ताचं लग्न ठरलं.

मुक्ता माझी एकुलती एक मुलगी. तिने इंजिनिअरिंग कोल्हापूरला केलं, शैलामावशीकडे राहून. शैला म्हणजे माझी मेहुणी, विलासरावांची बायको. तिथेच वर्गातला कोडोलीचा आशिष तिला आवडला. लग्न कोल्हापुरात, आणि लग्न लागल्यावर नवरानवरीने जुन्या मोटारीतून कोडोलीला जायचं, असा तिचा हट्ट. फोनवर ती म्हणाली, "बाबा, मला तुमच्याच गाडीतून जायचंय. पण ती तशी थरथरली तर मी नाही बसणार हां. मुंडावळ्या डोळ्यांत जातील. मग आपण काकांची गाडी घेऊ."

काकांची गाडी. माझी मुलगी सासरी निघणार आणि स्टेअरिंगवर विलासराव. मी त्याच रात्री ठरवलं, आठवडाभर आधी मोटार घेऊन कोल्हापूर गाठायचं आणि ही थरथर घालवायची.

सोलापूर ते मिरज

पहाटे निघालो. शेजारी बायको, सुनंदा. मागच्या सीटवर चादरींचे गठ्ठे आणि मुक्ताच्या रुखवताचे डबे. टपावर बॅगा. डिकीत पाण्याचे सहा मोठे कॅन, ते तर कायमच असतात. आमच्याकडे नळाला पाणी चार-पाच दिवसांनी येतं. सोलापूरचा माणूस घराबाहेर पडताना किल्ली विसरेल, पाणी विसरणार नाही. त्यात ही मोटार वाटेत तापते आणि मागते.

मंगळवेढ्यापर्यंत ओळखीचा मुलूख. ज्वारी काढणीला आलेली, रान करड्या रंगाचं, आभाळ मोठं. सुनंदाने कडक भाकरी आणि शेंगांची चटणी काढली. कडक भाकरी मोडताना जो आवाज येतो तो मला फार आवडतो, आणि ती महिनाभर टिकते. टिकाऊपणा हा आमच्याकडचा मोठा गुण. ज्याच्याकडे मुबलक असतं त्याला टिकवायची गरजच पडत नाही, हे मला पुढे दिसणार होतं.

सांगोल्याच्या पुढे रस्ता चांगला लागला आणि मी मोहात पडलो. काटा तीसवर गेला. चाकांनी ताबडतोब डोलायला घेतलं. टपावरच्या बॅगा वाजल्या, मागचे डबे वाजले, सुनंदाच्या बांगड्या वाजल्या. मी गाडी कडेला आणून थांबवली. सुनंदा शांतपणे म्हणाली, "पंचवीसनेच चला. लग्न पुढच्या आठवड्यात आहे."

मिरजेला मुक्काम केला. सकाळी कृष्णेच्या पुलावर आलो आणि माझा आजार सुरू झाला. नदीत पाणी होतं. पावसाळा संपून इतके महिने झाले तरी काठोकाठ पाणी, आणि कुणी त्याच्याकडे बघतही नव्हतं. पुढे दोन्ही बाजूंना ऊस, नुसता ऊस. मी म्हटलं, "एवढं पाणी पिणारं पीक लावतात, लाज नाही वाटत?" सुनंदा म्हणाली, "तुमच्याकडे पाणी असतं तर तुम्ही काय निवडुंग लावला असता?" जयसिंगपूरला भडंग घेतलं. ते चांगलं होतं, त्यामुळे मी काही बोललो नाही.

हातकणंगले

हातकणंगल्याच्या जवळ उसाच्या ट्रॉलीला ओलांडायला म्हणून जोर दिला आणि चाकं परत सुटली. या वेळी इतकी, की गाडी अर्ध्या रस्त्यात उभी करावी लागली. ट्रॉली मागे, तिच्या मागे एसटी. आमच्याकडे अशा वेळी लोक हॉर्न वाजवतात. इथे सगळे खाली उतरले आणि माझ्या पुढच्या चाकांभोवती उकिडवे बसले.

"काय झालं पावणं?" ट्रॅक्टरवाल्याने विचारलं. शेजारी बसून तो नदीपलीकडच्या माणसाशी बोलावं तसा बोलत होता.

"चाकं थरथरतात," मी म्हणालो.

"हवा कमी हाय."

"हवा न्हाय ओ," एसटीतून उतरलेले एक फेटेवाले म्हणाले. "बेरिंग गेल्यात. आमच्या जीपचं असंच झालतं."

"कुठनं आलासा?"

"सोलापूर."

"सोलापूरपास्नं अशी थरथरत?" फेटेवाल्यांनी सुनंदाकडे मोठ्या दयेने बघितलं. "वैनी, लई सोसलंसा."

सगळ्यांनी मिळून गाडी ढकलून कडेला लावून दिली. ट्रॅक्टरवाल्याने जाता जाता मोळीतून उसाची दोन कांडी ओढून सुनंदाच्या हातात दिली. इतकं ओरडून बोलणारी माणसं इतकी चांगली कशी असतात, याचाही मला हेवा वाटला.

कोल्हापूर

विलासराव दारातच उभे होते. "या की पावणं. लई वाट बघाय लावलासा." पाठोपाठ शैला आली. ती मूळची सोलापूरची, माझ्या लग्नात परकर-पोलक्यात मिरवलेली. आता तिच्या तोंडी पक्कं कोल्हापुरी बसलं आहे. तिच्या हातात पाण्याची नळी होती आणि ती अंगण धूत होती. सडा घालत नव्हती, धूत होती. पाणी फरशीवरून वाहत फाटकाबाहेर चाललं होतं. मी उंबऱ्याशी उभा राहून ते जाताना बघत राहिलो.

"काय बघताय दाजी?"

"नळ चालू आहे."

"व्हय की. चालूच असतो."

संध्याकाळी मटण. तांबडा रस्सा, पांढरा रस्सा, सुकं. पांढऱ्या रश्श्याची वाटी रिकामी झाली की शैला न विचारता भरत होती. आमच्याकडे पाहुण्याला दोनदा विचारतात, तिसऱ्यांदा विचारलं तर तो घेतो. इथे विचारण्याचा टप्पाच नाही. मी सात वाट्या प्यालो आणि मनाशी म्हटलं, आमची शेंगांची आमटीही काही कमी नाही. त्या वेळी ते मला स्वतःलाच पटलं नाही.

जेवताना विलासराव मुक्ताच्या गोष्टी सांगत होते. कॉलेजच्या पहिल्या वर्षी ती कशी घाबरायची, मग स्कूटर कशी शिकली, परीक्षेच्या आधी पहाटे त्यांच्या मोटारीतून त्या दोघांची रंकाळ्यावर फेरी कशी असायची. मला यातलं काहीच माहीत नव्हतं. ते मला खूश करायला सांगत होते आणि मी एकेक गोष्ट मोजत होतो.

त्यांची मोटार पोर्चमध्ये उभी होती. सगळे झोपायला गेल्यावर मी, वय वर्षं एकसष्ट, तिच्याखाली घुसलो. त्यांनी आतून आजच्या एखाद्या गाडीचा पुढचा भाग बसवला असणार, अशी मला खात्री होती. तसं असतं तर मला सुखाने झोप लागली असती. पण सगळं अस्सल निघालं. तोच दांडा, तेच धक्के झेलणारे पाटे, त्याच चाकं वळवणाऱ्या पिना. मी बाहेर आलो तेव्हा पाठीला ग्रीस होतं. सकाळी सुनंदाने सदरा बघितला आणि भिजत घातला.

शिरोली

दुसऱ्या दिवशी विलासरावांनी स्वतःची कामं बाजूला ठेवली आणि माझी गाडी कारखान्यात घेतली. त्यांचे फिटर रफीकभाई मोठ्या आवाजाचे आणि त्याहून मोठ्या आत्मविश्वासाचे. गाडीभोवती एक फेरी मारून ते म्हणाले, "साहेब, ही थरथर म्हंजे माझ्या हातचा मळ. सांजच्याला काढून देतो."

पहिल्यांदा विलासराव म्हणाले, "गाडी रिकामी करा पावणं. सगळं सामान काढा." मी चादरी काढल्या, डबे काढले, जॅक काढला, सीटखालच्या रद्दीचे कागदसुद्धा काढले.

रफीकभाईंनी पुढचा भाग उचलून चाक हलवून दाखवलं. चाक ज्या पिनांवर वळतं त्या झिजल्या होत्या. त्यांनी नव्या केल्या. शेजारच्या फौंड्रीत ओतलेल्या पितळेचे बुश, म्हणजे पिनांभोवतीच्या नळ्या, लेथवर घासून इतके नेमके बसवले, की मला बघतच राहावंसं वाटलं. सोलापुरात हेच काम दोन महिने "उद्या देतो" ऐकण्यात गेलं असतं. संध्याकाळी हायवेवर आलो. तीस झाले, आणि थरथर सुरू झाली.

"हात्तिच्या," रफीकभाई म्हणाले. "मग पाटं ढिल्लं असणार. शंभर टक्के."

पाट्यांच्या कड्यांतला खुळखुळा काढला. थरथर राहिली. चाकं तोलून घेतली, हवा कमी करून पाहिली, वाढवून पाहिली. प्रत्येक वेळी "आता बघा", आणि प्रत्येक वेळी मी बघत होतो. गाडी पूर्वीपेक्षा हलकी वळत होती, ब्रेकला सरळ राहत होती, एवढं खरं. पण तीस झाले की तेच. रफीकभाईंचा आवाज दिवसागणिक उतरत गेला, आणि खोटं कशाला बोलू, त्याचं मला वाईट वाटलं. बोटं सोलून घेऊन काम केलं होतं त्या माणसाने.

लग्नाला तीन दिवस उरले होते. त्या संध्याकाळी नोकरीवरून सुट्टी घेऊन पुण्याहून मुक्ता आली. तिने आधी मावशीला मिठी मारली, मग आईला, मग मला. क्रम मी बरोबर लक्षात ठेवला आहे.

"झाली का गाडी, बाबा?"

मी काही बोलायच्या आत विलासराव म्हणाले, "हुतीया की. न्हाईच झाली तर माझी हाय. पावणं, माझी गाडी तुमीच चालवा. म्या मागनं जीपमधनं येतो."

यापेक्षा त्यांनी मला चिडवलं असतं तरी चाललं असतं. उदार माणसाचा हेवा करणं फार अवघड काम आहे. मी ते रात्रभर केलं.

जास्वंदीला पाणी

सकाळी उठलो तर माझी मोटार दारात नव्हती. विलासराव मंडपवाल्याकडे घेऊन गेले होते. तासाभराने परत आले ते हसतच.

"पावणं, काय थरथरत न्हाय हो ही. पन्नासनं आलो. लोण्यावानी चालतीया."

 माझी गाडी, माझ्या हातात चार वर्षं नाचणारी, त्यांच्या हातात एका सकाळीत शहाणी झाली. मुलगी गेली, आता गाडीही त्यांच्या बाजूला गेली. मी किल्ली जवळजवळ हिसकावलीच. डिकी उघडून बघितली आणि आणखी एक धक्का बसला. कॅन नव्हते.

"माझं पाणी कुठं आहे?"

"ते व्हय," शैला म्हणाली. "किती दिसांचं पाणी हो दाजी, वास माराय लागलंवतं. पहाटं काढलं आन् जास्वंदीला घातलं. कॅन धुऊन ठिवल्यात बघा."

सहा कॅन पाणी. सोलापूरहून आणलेलं, पाणी येण्याच्या दिवशी मध्यरात्री उठून भरलेलं. जास्वंदीला. आणि ज्या गावात नळ बंदच होत नाही त्या गावातल्या जास्वंदीला. मी सहाही कॅन नळाखाली लावले, गळ्यापर्यंत भरले, डिकीत ठेवले, मुक्ताला हाक मारली, विलासरावांना मागे बसवलं आणि हायवेला गेलो.

तीस झाले आणि गाडी नाचायला लागली.

मुक्ताने डॅशबोर्ड घट्ट धरला. तिचा चेहरा मला दिसला. ती नाराज नव्हती, तिला माझी कीव येत होती. मी गाडी कडेला घेतली आणि स्टेअरिंगवर डोकं टेकून बसलो.

"काका," ती मागे वळून म्हणाली, "तुम्ही गेलात तेव्हा काय वेगळं होतं?"

"काय बी न्हाय. हीच गाडी, ह्योच रस्ता. म्या एकलाच हुतो." विलासरावांनी डिकीकडे मान वळवली. "आन् ते कॅन नव्हतं."

आम्ही तिघेही उतरलो. मी डिकी उघडली. विलासरावांनी दूर जाऊन गाडी बाजूने बघितली, मान वाकडी करून, बराच वेळ. मग कपाळावर हात मारला.

"पावणं, गाडी उलाळ झालीया ही."

विलासराव मूळचे गारगोटीकडचे, लहानपण बैलगाडीवर गेलेलं. गाडीत मागच्या टोकाला ओझं जास्त झालं की पुढचं जू वर उचलतं, त्याला उलाळ म्हणतात. माझ्या मोटारीची डिकी मागच्या चाकांच्याही मागे, शेपटासारखी बाहेर आलेली. तिथे सहा कॅन पाणी. मागचे पाटे दबायचे, गाडीचं नाक वर व्हायचं आणि पुढच्या चाकांच्या पिना मागे कलायच्या. त्या थोड्या कललेल्या असाव्याच लागतात, त्याशिवाय चाक सरळ चालत नाही. पण जास्त कलल्या, वरून पुढचं वजन हलकं झालं, की चाकांना डोलायला मोकळीक मिळते.

आम्ही दोन कॅन उतरवून गेलो. थरथर कमी. चार उतरवले. किंचितच उरली. सहाही रस्त्याकडेला ठेवून गेलो आणि काटा पन्नासवर नेला. स्टेअरिंग माझ्या हातात टेबलावर ठेवलेल्या ताटासारखं पडून होतं.

"पण मी तुमाला पयल्या दिशीच म्हनलं हुतं, सगळं सामान काडा," विलासराव म्हणाले.

"काढलं होतं की सगळं."

"मग ह्ये?"

"हे सामान कुठं आहे? हे पाणी आहे."

 कोल्हापूरच्या माणसाला हे कळणार नाही. घरी आल्यावर सुनंदाने सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाली, "काखेत कळसा आणि गावाला वळसा." रफीकभाईंना फोन केला तर ते आधी खूप हसले आणि मग म्हणाले, "तरी बुश गेलंवतंच साहेब." ते खरंही होतं.

कोडोली

लग्न छान झालं. कोल्हापूरच्या लग्नात सनई आणि बँड दोन्ही एकाच वेळी वाजतात, आणि त्यांच्यावरून माणसं एकमेकांशी बोलतात. पंगतीला आशिषचे चुलते स्वतः वाढत होते. भरवण्याच्या आग्रहात माझ्या दोन्ही गालांना त्यांनी जिलबी लावली. निघताना मुक्ता शैलाच्या गळ्यात पडून रडली, सुनंदाच्या गळ्यात पडून रडली, विलासरावांनी डोळे पुसले. माझ्या गळ्यात पडायला ती आली तेव्हा मी म्हणालो, "माझ्याजवळ आत्ता रडू नकोस, मी गाडी चालवणार आहे. वाटेत बोलू."

कारण वाट माझी होती. पाऊण तास, कोल्हापूर ते कोडोली, ती माझ्या गाडीत. बाकी सगळे मागून येणार होते. तिला काय सांगायचं ते मी मनाशी घोकून ठेवलं होतं. वाठारला हायवे सोडून आत वळलो की बोलायचं, तोवर गर्दी असते. तसं मोठं काहीच नव्हतं. एवढंच, की तुझी खोली तशीच राहील. मनात येईल तेव्हा यायचं, फोनसुद्धा करायचा नाही. आमच्याकडे पाण्याचा दिवस नसला तरी यायचं. तुझ्यापुरतं पाणी मी नेहमी भरून ठेवीन.

शिरोली मागे पडली. काटा चाळीसवर होता. मोटार अशी चालली होती, की गेल्या चार वर्षांतली तीच ही, हे पटू नये. हार लावलेलं नाक सरळ, हात हलके. विलासरावांच्या गाडीपेक्षा काकणभर सरसच, मी खात्रीने सांगतो. मला फार आनंद झाला होता. कुणाचाही हेवा न वाटण्याचा तो माझ्या आयुष्यातला सगळ्यात मोठा काळ असेल.

वाठारला वळलो. दोन्ही बाजूंना ऊस लागला. घसा साफ केला आणि म्हणालो, "मुक्ता, एक सांगायचं होतं."

उत्तर आलं नाही. आरशात बघितलं. तिला झोप लागली होती. चार दिवसांचं जागरण, आणि गाडी इतकी गुळगुळीत. मुंडावळ्या एका बाजूला घसरल्या होत्या, तोंड जरासं उघडं, डोकं आशिषच्या खांद्यावर. आशिष अंग चोरून, हलू नये म्हणून अवघडून बसला होता. आमची नजरानजर झाली. त्याने ओठांवर बोट ठेवलं आणि मला खुणावलं, बोलू नका.

मुलगा शहाणा आहे. त्याचं बरोबरच होतं. मी मान हलवली आणि पुढे बघायला लागलो. कोडोलीपर्यंतचा रस्ता तसा चांगला आहे, पण मधेमधे उसाच्या ट्रॉल्यांनी केलेले खड्डे आहेत. चुकवता येण्यासारखे आहेत. मी एकही चुकवला नाही. प्रत्येक खड्ड्यात पुढचं चाक घातलं आणि वाट बघितली, आता डोलेल, आता नाचेल, आता ती जागी होईल. चाकं सरळच राहिली.